डॉक्टर, चिरा मोठा मारा

या अंकाच्या संपादकबाई माझ्या जुन्या पेशंट. त्यांचं पित्ताशय मी काढलेलं असल्यामुळे त्या माझ्यावर हक्क सांगतात. खरं तर उलट असायला हवं. "डॉक्टर, तुम्ही गप्पांत जे किस्से सांगता ते लिहा की. लोकांना हसू द्या," त्यांनी फर्मावलं. मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणालो. लिहायला बसलो तेव्हा ध्यानात आलं की माझ्या बहुतेक किश्श्यांत हसणारा मी असतो आणि पोट दुसऱ्याचं असतं.

तरी सुरुवात माझ्याच फजितीने करतो, म्हणजे पुढचं सांगायला जरा धीर येईल.

मी पोटाचा सर्जन. संत तुकाराम नगरात माझं छोटं रुग्णालय आहे. मी शिकलो तेव्हा पित्ताशय काढायचं म्हणजे उजव्या बरगडीखाली वीतभर चिरा घ्यायचा, हात आत घालायचा आणि काम उरकायचं. पुढे दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली. यात पोटात वायू भरून ते तंबूसारखं फुगवतात. बेंबीपाशी बोट जाईल एवढं भोक पाडून त्यातून दुर्बीण सरकवतात, आणखी दोन-तीन बारीक भोकांतून लांब दांड्याची हत्यारं घालतात आणि समोरच्या पडद्यावर बघत बघत आतलं काम करतात. ऐकायला सोपं वाटतं. गंमत अशी की हत्याराचा दांडा पोटाच्या भिंतीत टेकलेला असतो, त्यामुळे बाहेर हात उजवीकडे नेला की आतलं टोक डावीकडे जातं. पहिल्यांदा हे करताना मी पित्ताशय पकडायला गेलो आणि यकृताला गुदगुल्या करत बसलो. आमच्या भूलतज्ज्ञ डॉ. सुलभाताई स्टुलावर बसून सगळं बघत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "अहो, पेशंटला झोपवायचं काम माझं आहे. तुम्ही मलाच झोपवायला निघालात."

हळूहळू हात बसला. हात बसला की सर्जनचं डोकं बिघडतं, हे मात्र कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

डोकं बिघडल्याचा पहिला पुरावा पुनावळ्याचे एक आबा. जुने शेतकरी, रस्त्यात जमीन गेली आणि दारात दोन मोठ्या गाड्या आल्या. वरच्या पोटात कळ येते म्हणून आले. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. खडे दिसले की माझे हात शिवशिवायला लागायचे. मी काढून टाकलं पित्ताशय, खडे बाटलीत घालून आबांच्या हातात दिले आणि टाळ्यांची वाट बघत बसलो. पंधरवड्याने आबा परत हजर.

"डॉक्टर, खडं निघालं, पर कळ हाय तितंच हाय."

"असं कसं आबा?"

"आता ते मला इचारता व्हय? त्या पिशवीनं तुमचं काय वाकडं केलं व्हतं सांगा, मंग पुढचं बोलू."

आबा गुडघेदुखीसाठी कित्येक महिने, सकाळी चहाआधी, अनशापोटी दुखणं थांबवायची गोळी घेत होते. जठरात व्रण झाला होता. कळ त्याची होती. खडे बिचारे एका कोपऱ्यात कुणाच्या अध्यात ना मध्यात पडून होते. गोळ्यांबद्दल मी विचारलंच नव्हतं, कारण पडद्यावर खडे दिसल्यावर विचारायचं काय उरतं! आबांनी मोठ्या मनाने मला सोडून दिलं. उलट प्रत्येक लग्नात ती बाटली खिशातून काढून पाव्हण्यांना दाखवायचे आणि माझं नाव सांगायचे. त्या बाटलीने मला मावळभर पेशंट मिळवून दिले. फजितीची जाहिरात झाली की माणूस शहाणा व्हायचं लांबणीवर टाकतो. मी तेच केलं.

त्याच सुमारास मी कारखान्यांतून व्याख्यानं द्यायला लागलो. चाकण, तळवडे, भोसरी, कुठे ना कुठे सुरक्षा सप्ताह चाललेला असतोच. एचआरवाले गाडी पाठवतात, पुष्पगुच्छ देतात, सामोसे खाऊ घालतात. मी पडद्यावर दोन फोटो दाखवायचो. डावीकडे जुन्या पद्धतीचा वीतभर वळ, उजवीकडे चार टिकल्या. मग घसा साफ करून म्हणायचो, "मशीन बंद पडलं तर तुम्ही डाउनटाइम मोजता. माणसाचा डाउनटाइम किती? पूर्वी दीड महिना. आता एक आठवडा. आठव्या दिवशी माणूस लाइनवर." मॅनेजर लोक माना डोलवायचे. वैद्यकीय परिषदांत माझ्या बोलण्यावर कुणी जागं राहत नसे, इथे टाळ्या पडत.

या टाळ्यांच्या दिवसांत बालाजी माझ्याकडे आला.

बालाजी मूळचा नांदेडकडचा. तळवड्यात एका खोलीत बायको सुनीता आणि लहान मुलीसह राहायचा. पत्र्याचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत प्रेस शॉपला, कंत्राटी. तयार भागांनी भरलेले क्रेट उचलून गाड्यावर रचायचे, दिवसभर तेच. बरीच वर्षं तो तिथे होता आणि त्या साली कंपनी काही कंत्राटी मुलांना कायम करणार होती. त्यात त्याचं नाव होतं. ही गोष्ट त्याने मला पहिल्याच भेटीत सांगितली, पोट दाखवायच्या आधी.

"साहेब, तळलेलं काही खाल्लं की इथं दुखायलंय," उजव्या बरगडीखाली हात ठेवून म्हणाला, "आन् तिथून मागं खांद्याच्या पात्याला जातंय. सुपरवायझर म्हणायलेत उचलल्यानं भरलंय. कंपनीतल्या डॉक्टरनं ॲसिडिटीची पावडर दिली."

हे दुखणं पित्ताशयाचंच होतं. खांद्याच्या पात्यापर्यंत जाणारी कळ, तळणाशी वैर, मध्येच उलटी. आबांचा धडा ताजा असल्यामुळे या वेळी मी सगळ्या गोळ्यांची चौकशी केली, सोनोग्राफी केली. सुपारीएवढा एकच खडा, पित्ताशयाच्या तोंडाशी बसलेला. निदान बिनचूक. मी खूश. शस्त्रक्रिया समजावून सांगितली, चार टिकल्यांचा फोटो दाखवला. बालाजीने फोटो नीट बघितला आणि विचारलं,

"साहेब, चिरा मोठा मारता येत नाही का?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "का रे बाबा? लहान आवडला नाही?"

"तसं नाही. आमच्या लाइनला एकाचं अपेंडिक्स फुटलं होतं. त्याला इथून इथवर चिरा हाय. रुजू झाला तवा सुपरवायझरनं शर्ट वर करून बघितला. म्हणला, बाप रे, तू जा पॅकिंगला बस. लई दिवस बसून काम केलं त्यानं. ह्या टिकल्या बघून मला कोण बसवंल?"

सुनीताने पदर तोंडाशी धरला. "अवो, डॉक्टरसमोर काय बी बोलू नका."

"खरं तेच बोलायलोय. रजेला बसलेला खरंच आजारी होता का न्हाई, ते तिथं शर्ट वर करूनच ठरवतेत."

मी हसलो. साधं नाही, खुर्चीत मागे रेलून, डोळे पुसत हसलो. जग लहान चिऱ्यासाठी धडपडतंय आणि हा गडी मोठा मागतोय! त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणालो, "अरे राव, मोठा चिरा मारला तर मला लोक वेड्यात काढतील." तोही हसला. डॉक्टर हसले की पेशंटला हसावंच लागतं.

वैद्यकीयदृष्ट्या माझं बरोबर होतं. कुणाला दाखवायला म्हणून कुणाचं पोट फाडायचं नसतं. पण तो चिरा मागत नव्हता. काही दिवस बसून करायचं काम मागत होता, आणि ते मिळवायचा एकच रस्ता त्याने पाहिला होता. 'चिरा नको, तुला दुसरं काय देता येईल ते बघू,' एवढं वाक्य मला सुचलं नाही. हसण्यात माझा वेळ गेला.

शस्त्रक्रिया छान झाली. फक्त खडा मोठा, त्यामुळे पित्ताशयाची पिशवी बेंबीच्या भोकातून बाहेर येईना. मी भोक थोडं वाढवलं, पिशवी ओढून काढली, टाके घातले. इथे वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी. बाहेरची कातडी आठवड्यात जुळते. तिच्याखाली एक चिवट पडदा असतो, आतडी जागच्या जागी धरून ठेवणारा. तो भरून यायला महिना-दीड महिना जातो, मग बाहेर चार टिकल्या दिसोत की एकही न दिसो. तोवर जड उचललं तर टाका उसवतो आणि आतडं त्या फटीतून डोकं काढतं. त्याला हर्निया म्हणतात. हे मला माहीत होतं. विद्यार्थ्यांना शिकवताना मी हे फळ्यावर चित्र काढून सांगायचो.

आठवड्याने बालाजी टाके दाखवायला आला. कातडी सुरेख जुळली होती. मी सिस्टरना बोलावून त्याचं पोट दाखवलं, स्वतःच्याच कामाचं कौतुक करून घेतलं. बालाजी शर्टाची बटणं लावत म्हणाला,

"साहेब, फिटनेस लिहिताना अजून पंधरा-वीस दिस धरा ना."

"दुखतंय का?"

"दुखत न्हाई तसं."

"मग?"

"काम जड हाय."

या तीन शब्दांत सगळं आलं होतं. सर्जनने पुढे विचारायचं असतं: जड म्हणजे किती, दिवसातून किती वेळा, जमिनीवरून उचलतोस की कमरेच्या उंचीवरून? मी विचारलं नाही. मला वाटलं, हा सुट्टी मारायला बघतोय. कारखान्यातली मुलं अशी गळ घालतात, हे आम्ही डॉक्टर लोक चहा पिताना एकमेकांना सांगतच असतो. शिवाय खरं सांगतो, मला माझा आठवडा हवा होता. व्याख्यानात मी आठव्या दिवसाचं वचन दिलं होतं आणि माझ्यासमोर माझाच पुरावा उभा होता. मी लिहिलं, 'कामावर रुजू होण्यास तंदुरुस्त'. खाली बोटभर कोरी जागा होती. दीड महिना जड उचलू नये, हे वाक्य तिथे ऐसपैस मावलं असतं.

"पळ आता," मी म्हणालो, "कायम झालास की पेढे घेऊन ये."

पुढच्याच पंधरवड्यात माझं व्याख्यान त्याच्याच कंपनीत होतं. सभागृहात सगळी ऑफिसातली माणसं आणि काही सुपरवायझर. ज्यांच्या पोटांबद्दल मी बोलणार होतो ती मंडळी लाइनवर होती, कारण लाइन थांबवता येत नव्हती. मी फोटो दाखवले, डाउनटाइम सांगितला आणि शेवटी नवा किस्सा सोडला. नाव घेतलं नाही, एवढी अक्कल होती. "एक पठ्ठ्या मला म्हणतो, डॉक्टर, चिरा मोठा मारा, म्हणजे सुपरवायझर बसवून ठेवेल!" सभागृह कोसळलं. एवढा हशा मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता.

चहाच्या वेळी प्रेस शॉपचे सुपरवायझर जगताप हसत हसत जवळ आले. "डॉक्टर, तो आमचाच बालाजी ना? मला वाटलंच होतं, भाऊ नाटक करतोय. मला म्हणाला पॅकिंगला द्या. मी म्हटलं, शर्ट वर कर. बघतो तर नुसत्या टिकल्या! वर तुमचा फिटनेस. मी सांगितलं, चल, क्रेटला लाग."

त्या क्षणी मला अभिमान वाटला होता. मी जगतापांना म्हणालो, "बघा, आठव्या दिवशी लाइनवर!" आणि आणखी एक सामोसा घेतला.

गणपती झाले आणि कंपनीने कायम करायच्या मुलांना तपासणीसाठी माझ्याकडे पाठवलं. व्याख्यानांनी मला मिळवून दिलेलं हे काम. बालाजी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. दाढी गुळगुळीत, कपाळावर गंध. बीपी, नजर, छाती सगळं ठीक. मग मी त्याला आडवा केला, पोटावर हात ठेवला आणि सवयीने म्हणालो, "खोक."

तो खोकला नाही.

"खोक रे."

तो हलकेच खोकला. बेंबीजवळ, मी वाढवलेल्या भोकाच्या जागी, लिंबाएवढा फुगवटा वर आला आणि माझ्या बोटांना लागून आत गेला.

"हे कधीपासून आहे?"

"झाले काही महिने. रुजू झालो त्याच्या पाठोपाठच."

"आणि आला का नाहीस माझ्याकडे?"

"आलो असतो तर तुम्ही कागदावर लिहिलं असतं." तो छताकडे बघत बोलत होता. "मी रुमाल घडी करून बेंबीवर ठेवायलो, वरून पट्टा आवळायलो. चालतंय तसं काम."

मी हात काढून घेतला. तो उठून बसला आणि अगदी हळू म्हणाला, "साहेब, आज नका बघू. पुढच्या महिन्यात बघा. एकदा कायम झालो की ऑपरेशनला पगारी सुट्टी मिळंल. कंपनीचा विमा मिळंल. मग तुम्ही म्हणाल तवा येतो. तुमीच शिवलंय, तुमालाच दिसलं न्हाई असं समजा."

त्याच्या बोलण्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. दुसऱ्या बाजूला, उचलता उचलता आतडं त्या फटीत अडकलं तर पीळ पडून सडू शकतं. अशी माणसं उशिरा पोचतात आणि काही वेळा आम्ही त्यांना वाचवू शकत नाही. ते मी त्याला समजावून सांगितलं. तो ऐकून घेत होता. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "इतकं आधी सांगितलं असतं साहेब."

मी खरं ते लिहिलं. जड कामास तूर्त अपात्र, शस्त्रक्रियेनंतर फेरतपासणी. असं लिहिणं बरोबर होतं, आजही मी हेच लिहीन. त्याच्या प्रकरणात मी कागदावर प्रत्येक वेळी बरोबरच होतो. कुठल्याही चौकशीत मला कुणी हात लावू शकलं नसतं.

मग मी जगतापांना फोन लावला. गयावया म्हणावी असंच बोललो. "तीन महिने थांबा. मी स्वतः शिवून देतो, एक रुपया घेणार नाही. माणूस चांगला आहे."

"माणूस चांगलाच आहे डॉक्टर, माझा त्याच्यावर राग थोडाच आहे! पण लिस्ट आज वर जाते. राखीव जागा ठेवत नाहीत हो. त्याच्या मागचा पोरगा तयारच आहे." मग जगताप आवाज उतरवून म्हणाले, "आणि एक सांगू का? चिडू नका. तुम्हीच फिट लिहिलं, तुम्हीच स्टेजवर सांगितलं, म्हणून मी त्याला क्रेटला लावला. तुम्ही एक ओळ लिहिली असती, तर मी काय राक्षस आहे का, बसवला असता की पॅकिंगला."

मी फोन ठेवला. इतकी वर्षं हा किस्सा सांगताना जगतापांना मी खलनायक करत आलो. ते सोयीचं होतं. पण जगतापांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, यापलीकडे त्यांचा गुन्हा मला अजून सापडलेला नाही.

हर्नियाच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी बालाजीला भूल देता देता सुलभाताईंनी मास्कवरून माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. "नीट शिवा," एवढंच म्हणाल्या, "आणि यावर व्याख्यान देऊ नका." मी नीट शिवलं. आतून जाळी बसवली. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत काळजीपूर्वक केलेली छोटी शस्त्रक्रिया असेल. बघायला कुणी नव्हतं आणि दाखवायची मला इच्छाही नव्हती.

तेव्हापासून मी पेशंटला आधी त्याचं काम विचारतो. काय उचलतोस, कुठून उचलतोस, बसायला मिळतं का. माझी ओपीडी त्यामुळे रेंगाळते, बाहेरचे लोक खोलीत डोकावून कुरकुरतात. व्याख्यानांत मी दीड महिन्याची गोष्ट सांगायला लागलो, तेव्हा एका एचआरच्या मुलीने फार गोड आवाजात सुचवलं, "सर, थोडं पॉझिटिव्ह ठेवूया ना." त्यानंतर गाड्या यायच्या कमी झाल्या. सामोशांची आठवण येते. पण यातलं काहीही बालाजीच्या कामाचं नाही. सर्जन शहाणा झाला तर तो पुढच्या पेशंटसाठी होतो. ज्याच्यावर तो शिकला, त्याच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही.

घरी सोडायच्या दिवशी बालाजी कपडे बदलून कॉटवर बसला होता. सुनीता औषधं पिशवीत भरत होती. मी माझ्या लेटरहेडवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: तीन महिने जड काम करू नये, बसून करायचं काम द्यावं, अधिक माहितीसाठी माझ्याशी संपर्क साधावा. खाली सही, शिक्का. शिक्का एकदा नीट उमटला नाही म्हणून परत मारला. कागद त्याच्या हातात दिला.

त्याने तो सावकाश वाचला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "साहेब, हे आता द्यायचं कुणाला?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. कुठल्या खिडकीवर जायचं ते विचारावं, तसं त्याने विचारलं होतं. कंत्राटदाराने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता, हे मला त्या प्रश्नावरून कळलं.

सुनीताने पिशवी उचलली. बालाजीने कागदाची घडी घातली आणि, मला वाईट वाटू नये म्हणूनच असेल, तो वरच्या खिशात जपून ठेवला.